चोवीस मीटरच्या आत की वर? कोल्हापुरात फ्लॅट घेताना

कळंबा रोडच्या आतल्या एखाद्या कॉलनीत, नऊ मीटर रस्त्यावर, पार्किंगवर सात मजले. किंवा मोठ्या रस्त्याला लागून बारा-चौदा मजल्यांचा टॉवर. फ्लॅट बघायला निघालेल्या बहुतेकांची यादी शेवटी या दोनांवरच येऊन थांबते. माझीही थांबली होती. दर आणि कार्पेट तुम्ही तपासलेलंच असणार, म्हणून ते सोडून उंचीबद्दल बोलतो.

डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या यूडीसीपीआरनं, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीनं, रस्ता बारा मीटरपेक्षा अरुंद असेल तर इमारतीला २४ मीटरपर्यंतच उंची ठेवली. त्यापुढं जायचं तर किमान बारा मीटरचा रस्ता पाहिजे. म्हणून कॉलनीतल्या इमारतींच्या सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदाच्या नकाशात, २३ मीटर आणि वर काही सेंटीमीटर असा आकडा दिसतो. बिल्डर कड्यापर्यंत जाऊन थांबलेला असतो. ही उंची आजूबाजूच्या जमिनीच्या सरासरी पातळीपासून शेवटच्या राहत्या मजल्याच्या गच्चीपर्यंत मोजतात. पाण्याची टाकी, जिन्याची केबिन, लिफ्टची मशीन रूम त्यात धरत नाहीत.

उजळाईवाडीकडं, विमानतळाच्या बाजूला, टॉवर बघत असाल तर तिथं दुसरी पट्टी लागते. विमानतळाची ना-हरकत समुद्रसपाटीपासून मोजते आणि तिच्या हिशेबात टाकीच काय, गच्चीवरचा अँटेनाही येतो. आपली जमीनच साडेपाचशे मीटरच्या वर असल्यानं त्या कागदावरचा आकडा बघून दचकू नका. नदीकडच्या भागात आणखी एक गोष्ट बघा. निळ्या (मोठ्या पुराच्या) आणि लाल (त्याहूनही मोठ्या पुराच्या) पूररेषेच्या मधे बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीहून किमान ०.४५ मीटर वर घ्यावं लागतं, आणि उंची मात्र जमिनीपासूनच मोजली जाते. म्हणजे जोतं जेवढं उचललं तेवढी वरची जागा गेली. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना त्याचं वाईट वाटणार नाही.

टॉवरच्या बाजूनं बोलायचं तर बरंच आहे. २४ मीटरच्या वर गेलं की दोन लिफ्ट आल्या, आग लागली तर थांबायला रेफ्युजची जागा आली. उंचीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं अंतर बाजूला सोडावं लागतं, म्हणजे चाळीस मीटरच्या इमारतीला आठ मीटर. वारा खेळतो. आभाळ स्वच्छ असलं की वरच्या मजल्यावरनं जोतिबाचा डोंगर दिसतो, हे मी नाकारणार नाही. मेंटेनन्स जास्त जातो, पण तो कुठं जातो ते तरी कळतं.

माझं मन फिरलं ते वेगळ्याच कारणानं. स्वतःचं घर घेण्याआधी आम्ही मोठ्या रस्त्यावरच्या एका इमारतीत भाड्यानं होतो. राहायला गेलो तेव्हा ती पूर्ण झाली असं सगळेच म्हणत होते. मग टीडीआर, म्हणजे दुसरीकडच्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क, आला, सुधारित नकाशा मंजूर झाला आणि आमच्या डोक्यावर पुन्हा सेंटरिंग लागलं. सकाळी सातला मिक्सर सुरू. गच्ची बंद, त्यामुळं उन्हाळ्यात सांडगे-पापड वाळत घालायची सोय गेली. टाकी हलवली त्या आठवड्यात पाणी टँकरचं. वाळू लिफ्टनंच वर जायची, आणि आईला घेऊन मी जिन्यानं. घर घेणाऱ्यांच्या हितासाठीच्या रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणं मंजूर नकाशा बदलायला दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते, हे खरं. पण बऱ्याच करारनाम्यांत पुढचे मजले आधीच ‘प्रस्तावित’ म्हणून लिहिलेले असतात आणि सही करताना ते पान कोण वाचतो? भाडेकरूला तर कुणी विचारतही नाही.

नऊ मीटर रस्त्यावरच्या, २४ ला टेकलेल्या इमारतीत हा प्रश्नच संपतो. बिल्डरकडं कितीही टीडीआर असू दे, वर जायला जागा नाही. शेजारचा मोकळा प्लॉटही त्याच रस्त्यावर, म्हणजे उद्या तिथं जे उभं राहील तेही तुमच्याएवढंच. टॉवरमधनं दिसणारा जोतिबा पुढच्या टॉवरमागं जाऊ शकतो, आमच्या गच्चीवरचं ऊन मात्र सहसा कुठं जात नाही. अर्थात रस्ता पुढं रुंद होणार असेल तर हे गणित बदलतं. म्हणून विकास आराखड्यातली रुंदी बघा, डोळ्यांना दिसणारी नव्हे.

लिफ्ट एकच, हे आमच्याकडचं दुखणं आहेच. बंद पडली की सातव्या मजल्यावरचे लोक ग्रुपवर रागाचे मेसेज टाकतात, आणि त्यांचं बरोबर असतं. घरात गुडघ्यांचा त्रास असलेलं कुणी असेल आणि खालचा मजला मिळत नसेल, तर कदाचित टॉवरच बरा. फक्त महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, नोंदीत मंजूर मजले किती आणि प्रस्तावित किती, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. सारखे असतील तर टोकन द्यायला माझी हरकत नाही. वेगळे असतील तर मी तरी कळंबा रोडला परत एक चक्कर मारेन.