ट्रेकिंग पोल, एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यानंतर: गुडघ्यांना आराम, लॉकचा मनस्ताप

तोरण्यावरून वेल्ह्याकडे उतरताना, बिनी दरवाजाच्या खाली ओल्या कातळावर, उजव्या हातातला पोल (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची आधाराची काठी) भार टाकताक्षणी टीचभर आत सरकला आणि तोल सावरताना सगळे वजन नेमके दुखऱ्या गुडघ्यावर आले. इजा झाली नाही. पण गुडघे वाचवण्यासाठी घेतलेली वस्तूच ऐन उतारावर दगा देत असेल, तर तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

आधी गुणांबद्दल, कारण ते खरे आहेत. चढताना दम लागतो, पण गुडघे दुखतात ते उतरताना. प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन रोखून धरतो आणि वाकलेल्या गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. श्वामेडर हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २५ अंशांच्या उतारावर पोल वापरणाऱ्यांच्या गुडघ्यावरील भार १२ ते २५ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले होते. तो अभ्यास मोजक्या जणांवर झाला होता, हे खरे. तरी माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. पूर्वी सिंहगडाहून आतकरवाडीत उतरल्यावर दुसऱ्या दिवशी घराचा जिना उतरताना कठडा धरावा लागत असे. तो आता लागत नाही. नी-कॅपने ऊब आणि थोडा धीर मिळाला होता, पण भार हलका झाला तो पोलमुळेच.

आता लॉकविषयी, म्हणजे पोलच्या नळ्या हव्या त्या लांबीवर पक्क्या धरणाऱ्या भागाविषयी. माझे पोल पिळून घट्ट करायचे आहेत. नळीच्या आत एका आट्यांच्या दांड्यावर प्लॅस्टिकची गुटी असते. नळी पिळली की ती फुगते आणि बाहेरच्या नळीला आतून घट्ट धरते. म्हणजे आपल्या वजनाचा सगळा भरवसा प्लॅस्टिक आणि अॅल्युमिनियम यांच्यातील घर्षणावर असतो. सह्याद्रीच्या पावसाळ्यात त्या नळीत पाणी, लाल चिखल आणि मुरुमाची बारीक पूड शिरणारच. मग कितीही पिळले तरी ती गुटी नुसती गरगर फिरते आणि पकड येत नाही.

दुकानदाराकडे गेलो, तेव्हा लॉक हा झिजणारा भाग असल्याने तो वॉरंटीत बसत नाही, असे उत्तर मिळाले. सुटी गुटी मागितली, तर ती मिळत नाही, खालचा पूर्ण भाग घ्यावा लागेल. आणि त्याची किंमत जवळजवळ नव्या पोलइतकी. मी लेखी तक्रार केली, फोटो पाठवले, आणि उत्तरादाखल तेच वाक्य पुन्हा आले. पेरूच्या बीएवढ्या झिजेसाठी चांगली नळी, चांगली मूठ आणि शाबूत टोक भंगारात टाकायला लावणे मला अजिबात मान्य नाही.

यानंतर माझे मत थोडे बदलले, तेही सांगतो. दोन्ही पोल पूर्ण सुटे करून नळ्या आतून कोरड्या फडक्याने पुसल्या आणि सावलीत रात्रभर वाळवल्या, तेव्हा डावा पोल पुन्हा नव्यासारखा धरू लागला. प्रत्येक ओल्या ट्रेकनंतर हे करावे लागते आणि आत तेल चुकूनही घालायचे नसते, हे सोबतच्या कागदावर एका ओळीतही नव्हते. उजव्याची गुटी मात्र गुळगुळीत झाली होती. तिच्यावर आता काही उपाय नाही. त्यामुळे ही रचना निरुपयोगी नाही, परंतु पावसात उतरणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये, एवढे मी आता ठामपणे म्हणेन.

वापराविषयी थोडे. सपाटीवर कोपर काटकोनात राहील एवढी उंची ठेवावी, उतारावर ती पाच-दहा सेंटिमीटर वाढवावी आणि पोल आधी, पाऊल नंतर टेकवावे. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर पोल आत सरकवून सॅकलाच लावावेत, कारण तिथे दोन्ही हात मोकळे हवेत. गडाच्या घडीव पायऱ्यांवर टोकांना रबरी टोप्या घालाव्यात. उघड्या धातूच्या टोकाने त्या दगडावर ओरखडे उठतात आणि ते पाहवत नाहीत. शिवाय पोल म्हणजे मांडीच्या ताकदीला पर्याय नव्हे. घरच्या पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरण्याचा व्यायाम मी फिजिओथेरपिस्टकडून शिकलो आणि तो सुरू ठेवल्यावर उतारावरचा थरथराट कमी झाला.

नवी जोडी मी बाहेरून खटका असलेल्या लॉकची घेणार आहे. त्याची पकड सैल झाली, तर स्क्रू वाटेतच आवळता येतो आणि बिघाड डोळ्यांना दिसतो. किंमत जास्त आहे, ती मी देईन; पण पैसे देण्यापूर्वी दुकानातच पोल पूर्ण लांब करून, लॉक लावून, त्यावर अंगाचा भार टाकून पाहीन आणि सुटे भाग मिळतील हे बिलावर लिहून घेईन. तसे लिहून द्यायला जो दुकानदार तयार नसेल, त्याच्याकडून मी घेणार नाही.