सेमिनरी हिल्सवरचं लेंटचं वीकेंड रिट्रीट: फादर उत्तर देत नाहीत आणि तेच सगळ्यात चांगलंय

आधी कामाचं सांगते. हे नागपुरातलं कॅथलिक रिट्रीट, म्हणजे घर-काम बाजूला ठेवून प्रार्थना आणि विचार करायचं शिबिर, आणि लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ. शुक्रवारी संध्याकाळी सुरू, रविवारी दुपारचं जेवण करून मोकळं. झाडी भरपूर, शांतता आहे, सदरहून ऑटोवाले आरामात येतात पण रविवारी परत यायला वर ऑटो सापडत नाही, कोणाला तरी आधीच सांगून ठेवा. खोलीत पलंग, टेबल, भिंतीवर क्रूस, बस. मच्छरदाणी नाही, ओडोमॉस न्याच. लेंट म्हणून जेवण साधं वरण-भात-पोळी-भाजी, शनिवारी सकाळी तर्री पोहे होते आणि तर्री खरंच झणझणीत होती. मोबाईल पहिल्याच दिवशी जमा. फी ठरलेली नाही, लिफाफ्यात ज्याला जमेल तेवढे टाकायचे.

आता मुख्य. विषय होता पाचारण, म्हणजे देवाने आपल्याला कशासाठी बोलावलंय. ऐकून वाटतं की हे फादर-सिस्टर व्हायला निघालेल्या पोरापोरींसाठी असेल, पण आमच्यात अर्ध्याहून जास्त लग्न झालेले होते, दोन नर्स, एक रेल्वेतले काका, काही कॉलेजची मुलं. आणि बहुतेक जण एकच अपेक्षा घेऊन आले होते की फादर काहीतरी सांगतील आणि आपण मोकळे होऊ. रिट्रीट घेणारे फादर वयस्कर आहेत, बोलतात हळू, पण ही अपेक्षा त्यांनी पहिल्याच संध्याकाळी काढून टाकली.

झालं असं की ओळखी करून देताना एका मावशींनी सरळ म्हटलं, "पोरगा पोटात होता तेव्हाच मी देवाला बोलली होती, हा तुला दिला म्हणून. आता तुम्हीच सांगा त्याले फादर, तो ऐकूनच नाही राहिला." पोरगा बाजूलाच, बारावीतला असेल, मान खाली. फादर म्हणाले, "ताई, बोलल्या तुम्ही, जाणार तो. चर्चचा कायदाच सांगतो की आयुष्याचा मार्ग निवडताना कोणावर जबरदस्ती नको." हे खरंच १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात आहे, २१९ वा नियम. मग पोराकडे वळून म्हणाले, "आणि तू, आई म्हणते म्हणून हो म्हणशील तर ते तुझं नाही, आई म्हणते म्हणून नाही म्हणशील तर तेही तुझं नाही." मावशींचा चेहरा पडला, मला वाईट वाटलं त्यांचं, पण हे कोणीतरी बोलायला पाहिजेच होतं, आपल्याकडे पोरांचं पाचारण घरचे, पॅरिशवाले (म्हणजे आपल्या भागातल्या चर्चची मंडळी) सगळे मिळून ठरवतात आणि निभवायची वेळ आली की तो एकटा असतो. पुढे त्यांनी समजावलं की चर्च स्वतःच घाई करत नाही, कुठल्याही धर्मसंघात नोव्हिशिएट, म्हणजे व्रतं घेण्याआधीचा तयारीचा काळ, कमीत कमी १२ महिन्यांचं, त्यानंतर काही वर्षांची तात्पुरती व्रतं, कायमची व्रतं तर २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय घेताच येत नाहीत. हा सगळा वेळ कशासाठी, तर माणसाने स्वतः हो म्हणावं म्हणून.

लग्न झालेल्यांना वाटत होतं आपण सुटलो. शनिवारी रेल्वेवाल्या काकांनी विचारलं की फॅमिली प्रेयरला पोरं बसत नाहीत, पॅरिशने काही करावं. फादर म्हणाले, लग्नाचं संस्कार तुम्हाला कोणी दिलं? काका म्हणे, फादरनी. तर नाही! आपल्या लॅटिन, म्हणजे रोमन कॅथलिक परंपरेत नवरा-बायको एकमेकांना ते संस्कार देतात, फादर चर्चतर्फे साक्षी असतो. बाप्तिस्म्यात पोराला श्रद्धेत वाढवायचं वचनही तुम्हीच दिलंय. मी इतकी वर्षं चर्चमध्ये जाते, हे असं सरळ कोणी समोर ठेवलं नव्हतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांची मोठी सभा) १९६४ मध्येच लिहून ठेवलंय की पवित्र होण्याचं बोलावणं सगळ्यांना आहे, प्रापंचिकांनासुद्धा. आणि आपलं मोहननगरचं कॅथेड्रल ज्यांच्या नावाचं आहे त्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी तर १६०९ च्या पुस्तकात म्हटलंय की कारागीर दिवसभर देवळातच बसून राहिला तर ती भक्ती नाही, ज्याची भक्ती त्याच्या कामाला, जबाबदारीला धरून पाहिजे.

सगळ्यात उपयोगी पडला तो रात्रीचा कागद. जेझुइट संघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियसच्या पद्धतीचं आत्मपरीक्षण, दिवस आठवायचा, आभार मानायचे, चुकलं तिथे क्षमा मागायची आणि उद्याचं ठरवायचं. मी लिहिलं, सासूबाईंची जास्त काळजी घेईन. फादरनी पेन्सिलने खाली दोनच शब्द लिहिले, "किती वाजता?" मग मी लिहिलं, रात्री साडेआठची बीपीची गोळी मी स्वतः देईन आणि दहा मिनिटं त्यांच्याजवळ बसेन. एका मुलीने "देवाच्या इच्छेप्रमाणे जगेन" लिहिलं होतं, तिचाही कागद परत आला 😊

काय आवडलं नाही ते पण सांगते. प्रवचनं हिंदीत, कागद इंग्लिशमध्ये, अमरावतीकडच्या खेड्यातून आलेल्या बायकांना मी आणि एक सिस्टर मिळून मराठीत सांगत बसलो, हे आयोजकांनी बघायला पाहिजे. फादरशी एकट्याने बोलायला मिळालेला वेळ फारच कमी, कन्फेशनची (फादरसमोर पापं कबूल करायची) लाईन लांब असली की तोही जातो. आणि रविवारनंतर कोणी विचारत नाही. मोठ्यांचं ठीक आहे, पण त्या बारावीच्या पोराला महिन्यातून एकदा कोणीतरी शांतपणे ऐकणारं पाहिजे, निर्णय त्याचा असला तरी त्याने तो एकट्याने कुढत का घ्यावा? उदास असताना आधी पक्कं केलेलं बदलू नये हा इग्नेशियसचाच नियम, पण आपण उदास आहोत हे ओळखायलाही सोबत लागते.

पाचपैकी चार. कोणी ठरवून द्यावं म्हणून जाणार असाल तर निराश व्हाल, स्वतः ठरवायची तयारी असेल तर नक्की जा, नवरा-बायको दोघं मिळून गेलात तर आणखी चांगलं. नाव पॅरिश ऑफिसमधून देतात, फॉर्म भरतानाच मराठीतून बोलायचंय असं लिहा आणि फादरसोबतची वेळ शुक्रवारीच मागून घ्या.