तळघरातलं गोदाम: लाकडी तक्तपोशी की प्लास्टिकचे पॅलेट?

चादरी-टॉवेलचा माल तळघरात ठेवायचा, तर परतीच्या पावसाआधी तो जमिनीवरून उचलायलाच हवा. सोलापूरची काळी माती पाणी धरून ठेवते. पाऊस थांबला तरी भिंती पाझरत राहतात.

लाकडी तक्तपोशी, म्हणजे सांगाड्यावर फळ्या टाकून केलेली उंच जमीन, दिसते झकास, कोपऱ्यापर्यंत बसते, हवी तेवढी उंच करता येते. पण साधा प्लाय घेतलात तर कडा फुगून पापुद्रे सुटणार. मरीन प्लायच (पाण्यात टिकणारा) घ्या, आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघून, आणि कापलेल्या कडांना प्रायमर मारून. खरी गोची फळ्यांखाली आहे. पाणी ओसरतं, पण गाळ आणि ओल तिथेच राहते. मग बुरशी, मागोमाग वाळवी. म्हणून फळ्या खिळ्यांनी ठोकू नका, स्क्रूने बसवा. उचलून खालचं झाडता आलं पाहिजे.

प्लास्टिकचे पॅलेट, म्हणजे माल रचायचे बुटके चौथरे, कुजत नाहीत, पाइप मारला की साफ. उंची मात्र साधारण १५ सेंटिमीटरच. रिकामे असले तर पाण्यावर तरंगतात (लाकडी सांगाडाही तरंगतो, त्याला अँगलने जखडावं लागतं).

नुसता माल ठेवायचा असेल, तर मी पॅलेटच घेईन. खाली बसून शिलाई चालणार असेल, तरच सुताराला बोलवा. काहीही घेतलंत तरी पाणी उपसायच्या पंपाचं बटण वर जिन्यापाशीच बसवा.