वर्डप्रेसमधील कस्टम टॅक्सॉनॉमी : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आकाशनिरीक्षणावरील लेखांचे एक संकेतस्थळ मी आणि माझे दोन सहकारी मिळून वर्डप्रेस या संकेतस्थळे उभारण्याच्या प्रणालीवर चालवतो. लेखांची संख्या चारशेच्या पुढे गेली तेव्हा कॅटेगरींची यादी एकसष्टवर पोहोचली होती, आणि त्या यादीत ‘ग्रह’, ‘वृषभ’, ‘द्विनेत्री’, ‘नवशिक्यांसाठी’ आणि ‘ग्रहणे’ ही नावे एकाखाली एक नांदत होती. यांतले एक नाव वस्तूचे, दुसरे आकाशातील जागेचे, तिसरे साधनाचे, चौथे वाचकाचे आणि पाचवे घटनेचे आहे, हे आम्हा तिघांच्याही बरीच वर्षे लक्षात आले नाही. प्रत्येक नवा लेख लिहून झाला की त्या वेळी जे सुचेल त्यावर खूण करायची, एवढीच आमची पद्धत होती.

त्यातील दोष एका वाचकाच्या पत्रामुळे उघडा पडला. त्याने विचारले होते, की माझ्याजवळ केवळ द्विनेत्री दुर्बीण आहे, तर वृषभ तारकासमूहात मला काय काय पाहता येईल? आमच्याकडे या प्रश्नाचे उत्तर देणारे निदान सात लेख होते. पण ते एकत्र दाखवणारे एकही पान नव्हते. काही लेख ‘वृषभ’मध्ये होते, काही ‘द्विनेत्री’मध्ये, आणि कृत्तिकांवरचा आमचा सर्वांत जुना लेख या दोन्हींत नसून ‘तारकागुच्छ’ या तिसऱ्याच कॅटेगरीत होता. मी सातही दुवे हाताने शोधून त्याला पाठवले आणि त्याच आठवड्यात कॅटेगरींची मोडतोड करून स्वतंत्र वर्गीकरणे, म्हणजेच कस्टम टॅक्सॉनॉमी, उभारण्याचा निर्णय आम्ही घेतला.

वर्डप्रेसमध्ये ही सोय नवी नाही. वर्गीकरणासाठीची डेटाबेसमधील आजची कोष्टके २.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २००७ पासून आहेत आणि कॅटेगरीसारखी श्रेणीबद्ध, म्हणजे नावाखाली उपनावे ठेवता येणारी, कस्टम टॅक्सॉनॉमी ३.० पासून, म्हणजे २०१० पासून करता येते. कॅटेगरी आणि टॅग ही मुळात तयार दिलेली दोन वर्गीकरणे आहेत; त्यांच्याच बरोबरीने आपल्याला हवी तेवढी आणखी वर्गीकरणे नोंदवता येतात, आणि प्रत्येकात आपापल्या टर्म, म्हणजे त्या वर्गीकरणातली एकेक नावे ठेवता येतात. नोंदणीसाठी मी ‘कस्टम पोस्ट टाइप यूआय’ हे प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायची तयार आज्ञावली, वापरून पाहिले, ते चांगले आहे, पण पुढे नोंदणीचा कोड स्वतःच्या एका छोट्या प्लगइनमध्ये हलवला. सुरुवातीला तो मी थीमच्याच, म्हणजे संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या साच्याच्या, फाइलमध्ये लिहिला होता, आणि थीम बदलून पाहताच सगळी वर्गीकरणे पडद्यावरून नाहीशी झाली. माहिती डेटाबेसमध्ये शाबूत होती, पण ते कळेपर्यंतची पंधरा मिनिटे फार वाईट गेली.

खरे काम संगणकावरचे नव्हतेच. एकसष्ट नावे कागदावर उतरवून प्रत्येकापुढे ‘हे नाव कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे?’ असे लिहायला आम्ही बसलो, तेव्हा प्रश्न अवघे पाच निघाले. ही वस्तू कोणत्या प्रकारची आहे, ती आकाशात कुठे आहे, ती कशाने दिसते, ती कधी दिसते आणि हा मजकूर कोणत्या स्वरूपाचा आहे. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणाचा पाया हाच आहे, की विषयाला एका झाडाच्या एकाच फांदीवर बसवण्याऐवजी त्याचे पैलू वेगळे काढावेत आणि गरजेप्रमाणे ते जोडावेत. ग्रंथ फडताळात एकाच जागी ठेवावा लागतो, ही अडचण त्यांना होती. संकेतस्थळावर तीही नसते. असे असूनही आम्ही चारशे लेख फडताळात ठेवल्यासारखे ठेवले होते.

पहिले वर्गीकरण वस्तूच्या प्रकाराचे केले. ते श्रेणीबद्ध आहे : तारकागुच्छ, त्याखाली खुला आणि गोलाकार, तेजोमेघ, दीर्घिका, जोडतारे, ग्रह इत्यादी. ‘तारकागुच्छ’ मागितला की त्याखालील दोन्ही उपप्रकारांचे लेख आपोआप मिळतात, त्यामुळे लेखावर नेहमी सर्वांत आतल्या टर्मवरच खूण करायची, असा नियम आम्ही ठरवला आणि तो आजवर पाळला आहे. दुसरे वर्गीकरण तारकासमूहांचे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने १९२२ मध्ये मान्य केलेली ८८ तारकासमूहांची यादी आधीच ठरलेली असल्याने हे काम सर्वांत सोपे होईल असे वाटले होते, आणि तसे झाले नाही.

कारण मराठीत आकाशाची आणखी एक विभागणी रूढ आहे, ती २७ नक्षत्रांची. आमच्या जुन्या लेखांत ‘मृग’ हा शब्द कुठे संपूर्ण तारकासमूहासाठी आला होता, तर कुठे मृगशीर्ष नक्षत्रासाठी. काक्षी (बीटलज्यूस) हा तारा आर्द्रा नक्षत्राचा मानला जातो, पण तो मृग तारकासमूहात आहे. कृत्तिका आणि रोहिणी ही दोन वेगळी नक्षत्रे आहेत, पण दोन्ही वृषभ तारकासमूहात मोडतात. म्हणजे नक्षत्र हा तारकासमूहाचा उपविभाग करून टाकावा, हा मोह अगदी स्वाभाविक होता आणि आम्ही पहिल्या आराखड्यात तसेच केलेही होते. परंतु नक्षत्रे चंद्राच्या वाटेवरची आहेत, तारकासमूह सगळ्या आकाशाचे आहेत, आणि एकाच्या सीमा दुसऱ्याच्या सीमांशी जुळवून आखलेल्या नाहीत. दोन वेगळ्या हेतूंनी केलेल्या विभागण्या एकीच्या पोटात दुसरी घालून नांदत नाहीत, हे पटल्यावर नक्षत्रांचे वर्गीकरण स्वतंत्र केले आणि तारकासमूहाच्या टर्मला ‘मृग’, तर नक्षत्राच्या टर्मला ‘मृगशीर्ष’ हेच नाव सर्वत्र वापरायचे ठरवले. अतिशय जुने वर्डप्रेस वापरणाऱ्यांनी येथे सावध राहावे, कारण ४.२ पूर्वीच्या आवृत्त्यांत दोन वर्गीकरणांतील समान नावाची टर्म मुळात एकच नोंद असू शके आणि एकीकडे केलेला बदल दुसरीकडेही उमटे.

तिसरे वर्गीकरण साधनाचे : नुसते डोळे, द्विनेत्री, दुर्बीण. तीनच टर्म, पण सर्वांत जास्त वाद यावर झाले. देवयानी दीर्घिका गडद आकाशात नुसत्या डोळ्यांना पुसट दिसते. शहरात तिच्यासाठी द्विनेत्री घ्यावी लागते. मग खूण कशावर करायची? दोन्हींवर केली तर उद्या सगळ्याच वस्तूंवर तिन्ही खुणा येतील आणि वर्गीकरणाला काही अर्थ उरणार नाही. शेवटी ‘गडद आकाशात ज्या सर्वांत लहान साधनाने वस्तू दिसते, ते साधन’ अशी व्याख्या लिहून ती टर्मच्या वर्णनातच ठेवली. व्याख्या लिहिलेली नसेल, तर तीन लेखक एकच टर्म तीन अर्थांनी वापरतात, हा या आठ महिन्यांतला माझा सर्वांत पक्का अनुभव आहे.

हेच वर्गीकरण आम्ही सुरुवातीला टॅगसारखे सपाट ठेवले होते, म्हणजे लेखकाने चौकटीत शब्द टाइप करायचा. दोन आठवड्यांत ‘दुर्बीण’ आणि ‘दुर्बिण’ अशा दोन टर्म तयार झाल्या, ‘द्विनेत्री’च्या शेजारी ‘बायनॉक्युलर’ आली, आणि लेख त्यांच्यात विभागले गेले. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीची एवढी किंमत दुसरीकडे कुठे मोजावी लागत नसेल. त्यानंतर, उपविभाग करायचे नसतानाही, ते श्रेणीबद्ध म्हणून नोंदवले. तसे केल्याने लेखकाला टाइप करण्याऐवजी खुणा करण्याची यादी मिळते आणि नवी टर्म तयार करण्याचा अधिकार संपादकापुरता राहतो.

चौथे वर्गीकरण फसले, आणि ते फसले म्हणूनच मला त्याविषयी सविस्तर लिहायचे आहे. ‘कधी दिसते’ या प्रश्नासाठी आम्ही बारा महिन्यांच्या बारा टर्म केल्या. कृत्तिकांच्या लेखावर मी ऑक्टोबर ते मार्च अशा सहा खुणा केल्या. माझ्या सहकाऱ्याने रोहिणीच्या लेखावर डिसेंबर ते एप्रिल अशा पाच केल्या. आकाशात या दोघी अगदी शेजारी आहेत. माझ्या मनात ‘संध्याकाळनंतर केव्हातरी दिसणे’ होते, त्याच्या मनात ‘अंधार पडताच पुरेशी वर असणे’ होते, आणि वाचक कोणत्या अक्षांशावर उभा आहे याचा विचार दोघांनीही केला नव्हता. मुळात दृश्यमानता वस्तूच्या विषुवांशावर आणि क्रांतीवर, म्हणजे आकाशातील तिची जागा सांगणाऱ्या दोन मापांवर, अवलंबून असते, आणि त्या साध्या संख्या आहेत. कृत्तिकांचा विषुवांश सुमारे ३ तास ४७ मिनिटे आणि क्रांती उत्तर २४ अंश, एवढे लिहून ठेवले की महिना गणिताने काढता येतो. चौथ्या महिन्यात ते वर्गीकरण आम्ही पूर्णपणे काढून टाकले आणि विषुवांश, क्रांती व दृश्यप्रत (वस्तू किती तेजस्वी दिसते याचे माप) यांसाठी लेखाला कस्टम फील्ड, म्हणजे संख्या भरायच्या वेगळ्या जागा, जोडली. संख्येला टर्म केले की संख्येची अचूकता जाते आणि टर्मची स्पष्टताही मिळत नाही.

ग्रहांच्या बाबतीतही असाच विचार करावा लागला. गुरू सूर्याभोवती सुमारे बारा वर्षांत फिरतो, म्हणून तो साधारण वर्षभराने पुढच्या राशीत गेलेला असतो. त्याच्या लेखावर एखाद्या तारकासमूहाची खूण करणे म्हणजे पुढच्या वर्षी खोटे ठरणारे विधान करणे. म्हणून ग्रहांच्या मुख्य लेखांवर तारकासमूह रिकामा ठेवतो आणि विशिष्ट दिवसाच्या निरीक्षण नोंदीवर मात्र तो भरतो, कारण त्या दिवसापुरते ते कायमचे खरे असते.

जुनी कॅटेगरी आम्ही काढली नाही. साध्या पोस्टला कॅटेगरी दिली नाही तर वर्डप्रेस तिला मूळ कॅटेगरीत टाकतेच, त्यामुळे त्या जागेचा उपयोग पाचव्या प्रश्नासाठी केला : परिचय लेख, निरीक्षण नोंद, साधनांची माहिती, बातमी. एकसष्टवरून चार.

तांत्रिक अडचणींपैकी दोन सांगण्याजोग्या आहेत. ग्रहणांच्या वर्षांसाठी एक वर्गीकरण करताना मी त्याची ‘की’, म्हणजे वर्डप्रेसमधील त्याचे अंतर्गत नाव, इंग्रजीतील ‘इयर’ ठेवली. तो शब्द वर्डप्रेसने स्वतःच्या तारीखवार पानांसाठी राखून ठेवलेला आहे, त्यामुळे त्या वर्गीकरणाची पाने सापडेनाशी झाली. राखीव शब्दांची यादी आधी वाचावी आणि कीला स्वतःचा एखादा उपसर्ग लावावा, मात्र ती बत्तीस अक्षरांच्या आत बसवावी. दुसरी अडचण देवनागरी स्लगची, म्हणजे पानाच्या पत्त्यात येणाऱ्या टर्मच्या नावाची. स्लगसाठी दोनशे अक्षरांची मर्यादा आहे, पण देवनागरीतील प्रत्येक वर्ण, मात्रा आणि हलंतसुद्धा, सांकेतिक रूपात नऊ अक्षरे खातो. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हे मावतात. ‘द्विनेत्री दुर्बिणीतून दिसणारे’ या टर्मचा स्लग ‘दिसणारे’मधल्या द वर तुटला, त्याची वेलांटीही उरली नाही. तेव्हापासून टर्मचे नाव मराठीत आणि स्लग रोमन लिपीत, छोटा, असे ठेवतो.

प्रत्यक्ष स्थलांतर आम्ही संकेतस्थळाच्या प्रतीवर करून पाहिले आणि मगच मूळ संकेतस्थळावर केले. चारशे लेखांचे एक स्प्रेडशीट, प्रत्येक वर्गीकरणाला एक स्तंभ, आणि ते भरून झाल्यावर डब्ल्यूपी-सीएलआय या टाइप केलेल्या आज्ञांनी वर्डप्रेस चालवणाऱ्या साधनाच्या आज्ञांनी खुणा लावणे, असा क्रम होता. आज्ञा चालायला काही मिनिटे लागली. स्तंभ भरायला सात आठवडे. जुन्या कॅटेगरींच्या प्रत्येक पत्त्यावरून नव्या पानाकडे ३०१ पुनर्निर्देशन, म्हणजे पत्ता कायमचा बदलल्याची सूचना, दिले. ज्या कॅटेगरीला एकच स्पष्ट वारस नव्हता, उदाहरणार्थ ‘नवशिक्यांसाठी’, तिच्यासाठी हाताने निवडलेल्या लेखांचे पान लिहिले, आणि ते आज सर्वाधिक वाचले जाणारे पान आहे.

आता वृषभ आणि द्विनेत्री या दोन अटी एकाच पत्त्यात जोडता येतात आणि त्या वाचकाच्या प्रश्नाचे पान तयार मिळते. त्याला मी तो दुवा पाठवला आहे. प्रत्येक टर्मच्या वर्णनात परिचयाचा परिच्छेद लिहिल्याने तारकासमूहांची पाने नुसत्या याद्या राहिली नाहीत. एक उणीव मात्र आहे : वर्डप्रेसचा मूळ शोध लेखाचे शीर्षक, सारांश आणि मजकूर तपासतो, टर्मची नावे तपासत नाही, त्यामुळे त्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागली. तसेच अटींच्या जोड्यांची असंख्य पाने शोधयंत्रांच्या सूचीत जाऊ नयेत, याची काळजी पहिल्याच दिवशी घ्यावी.

ज्यांचे लेख पन्नास-साठ आहेत आणि एकाच प्रश्नाचे उत्तर देतात, त्यांना कॅटेगरी पुरेशी आहे. त्यांनी या वाटेला जाण्याचे कारण नाही. आमच्याकडे अजून एक गोष्ट अनिर्णित आहे. ‘सप्तर्षी’ ही टर्म आम्ही संपूर्ण तारकासमूहासाठी ठेवली आहे, पण वाचक ती उघडतो तेव्हा त्याला सात तारे अपेक्षित असतात, आणि पहिल्यांदा समोर येतात त्या एम ८१ आणि एम ८२ या दीर्घिका. तूर्त त्या पानाच्या वर्णनात हा फरक लिहून ठेवला आहे आणि सात ताऱ्यांवरचा लेख सर्वांत वर टाचून दिला आहे.