दांडिया बाजारातील एका लेखापरीक्षण पेढीचा अनुभव: तारखा आधी ठरवून केलेले ऑडिट

आमची एक छोटी सार्वजनिक विश्वस्त संस्था बडोद्यात वाचनालय आणि सभागृह चालवते, आणि गेली सात वर्षे मी तिच्या खजिनदारपदाची जबाबदारी सांभाळते आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आमचे लेखापरीक्षण दांडिया बाजारातील एका पेढीकडे आहे. दोन भागीदार, एक ज्येष्ठ सहायक आणि चार-पाच आर्टिकल (म्हणजे सनदी लेखापाल होण्यासाठी पेढीत उमेदवारी करणारे) विद्यार्थी एवढाच तिचा पसारा. सनदी लेखापालांच्या व्यवसायात जाहिरातीवर निर्बंध असल्यामुळे भागीदारांच्या विनंतीवरून पेढीचे नाव येथे देत नाही. तिच्या कामाच्या पद्धतीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण ऑडिट वेळेत पूर्ण व्हावे म्हणून मोजता येतील अशी उद्दिष्टे कशी ठरवावीत, हे मला तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहायला मिळाले.

पूर्वीच्या लेखापरीक्षकांच्या ज्ञानाबद्दल माझी तक्रार नाही. परंतु जूनमध्ये दफ्तर त्यांच्याकडे पोहोचते केले की सप्टेंबरपर्यंत काहीच कळत नसे, आणि फोन केला तर ‘जवळजवळ झालेच आहे, थोडेच राहिले आहे’ एवढेच उत्तर मिळे. प्राप्तिकराच्या नियमांप्रमाणे आमच्यासारख्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने लेखापरीक्षण अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत आणि विवरणपत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत दाखल करायचे असते. अहवालाला उशीर झाला तर करसवलतच धोक्यात येते आणि विलंब माफ व्हावा म्हणून खात्याकडे अर्ज करावा लागतो. २०२३ साली अहवालाची मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढवण्यात आली तेव्हा आम्हाला हायसे वाटले होते, पण आमचे काम त्या वाढीव महिन्यात जसेच्या तसे पसरले आणि सह्या झाल्या त्या २८ ऑक्टोबरला, कोजागिरीच्या रात्री. विश्वस्तांनी ताळेबंद न वाचताच सह्या केल्या. त्यांत माझीही सही होती आणि त्याची बोचणी मला अजून आहे, कारण देणगीदारांच्या पैशांचा हिशेब वाचून पाहण्याइतका वेळ हातात राखणे हे खजिनदाराचे पहिले कर्तव्य आहे.

नव्या पेढीने पहिल्याच भेटीत सरकारी मुदत बाजूला ठेवायला सांगितले. त्यानंतर २०२४ साली ती ७ ऑक्टोबरपर्यंत आणि २०२५ साली आधी ३१ ऑक्टोबर व मग १० नोव्हेंबरपर्यंत वाढली. म्हणजे सलग तीन वर्षे ज्यांनी वाढीची वाट पाहिली त्यांना ती मिळाली, आणि वाट पाहण्याची सवयही लागली. सरकारी मुदतीऐवजी भागीदारांनी मला विचारले की तुमच्या संस्थेतली माणसे प्रत्यक्षात कधी मोकळी असतात. आमचे हिशेबनीस आणि निम्मे कार्यकर्ते गणेशोत्सवाच्या मंडळांत गुंतलेले असतात, त्यापाठोपाठ नवरात्र येते, आणि बडोद्यात गरब्याच्या त्या नऊ रात्री कोणाकडून व्हाउचर शोधून घेण्याची आशा धरणे व्यर्थ आहे. म्हणून गणेश चतुर्थीच्या आधी सही, हे उद्दिष्ट ठरले. २०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, तेव्हा ३१ ऑगस्ट ही तारीख नियुक्तीपत्रासोबतच्या एका पानावर लिहिली गेली.

त्या एका पानाचे महत्त्व मला फार वाटते. त्यावर सहीच्या तारखेपासून मागे मागे येत प्रत्येक टप्प्याची तारीख आणि जबाबदार माणूस लिहिलेला होता, आणि निम्म्याहून अधिक तारखा आमच्या अंगावर होत्या. आमच्या ११ मुदत ठेवींसाठी शिल्लक पुष्टीची पत्रे बँकांकडे २० एप्रिलपर्यंत रवाना करायची आणि १५ जूनपर्यंत सर्व उत्तरे थेट पेढीकडे यायची; टॅलीमधील तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकांची यादी, १५ मेपर्यंत त्यांच्या हाती द्यायची; देणगीदारांची पॅनसह यादी १० मेपर्यंत पुरी करायची, कारण देणग्यांचे फॉर्म १० बीडी हे विवरण ३१ मेपर्यंत भरले नाही तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क लागते. ऑडिटची दिरंगाई लेखापरीक्षकाच्या कार्यालयातच होते असे मी इतकी वर्षे मानत आले होते. ते पान समोर आल्यावर दिसले की आमचे सभागृहाच्या अनामत रकमांचे खाते जुलैपर्यंत कधीच जुळलेले नसे, आणि ते जुळेपर्यंत पुढचा कोणीही काही करू शकत नसे. हिशेब लिहिण्याचे काम पेढी स्वतःकडे घेत नाही, हेही येथे नमूद करते. एकदा घाईच्या वेळी मी दोन जमाखर्ची नोंदी तुम्हीच घालून टाका असे सुचवले, तेव्हा ‘जे आम्ही लिहिले ते आम्हीच कसे तपासणार’ असे म्हणून त्यांनी नम्रपणे पण ठामपणे नकार दिला.

काम सुरू झाल्यावर दर सोमवारी सकाळी तपासणीत निघालेल्या मुद्द्यांचा एक छोटा तक्ता येतो. ‘ऐंशी टक्के काम झाले’ अशी भाषा त्यात नसते. ‘एकूण ४३ मुद्दे, ३८ मिटले, उरलेल्या ५ पैकी ३ तुमच्याकडे, २ आमच्याकडे, सर्वांत जुना मुद्दा ९ दिवसांचा’, असा त्याचा मजकूर असतो. विचारलेल्या मुद्द्याला आम्ही कामकाजाच्या ५ दिवसांत उत्तर द्यायचे, आलेले उत्तर त्यांनी ३ दिवसांत पाहायचे, आणि कोणताही मुद्दा १० दिवसांहून जुना झाला तर भागीदाराने स्वतः फोन करायचा, असा करार आहे. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेचा गाभा मुद्द्याच्या वयात आहे. सहीची तारीख चुकली हे कळते तेव्हा करण्यासारखे काही उरलेले नसते. मुद्दा १० दिवसांचा झाला हे मात्र जूनमध्येच कळते, तेव्हा कागद शोधायला माणूसही असतो आणि वेळही असतो. मी स्वतः बँकेतून निवृत्त झाले, थकलेल्या कर्जांच्या याद्या आम्ही तिथे दिवसांच्या हिशेबाने लावत असू, आणि तरीही आपल्याच संस्थेच्या थकलेल्या उत्तरांची अशी यादी करावी हे मला कधी सुचले नव्हते.

पहिल्या वर्षी या मोजणीतला एक दोष उघड झाला आणि तो पेढीने कसा हाताळला ते सांगण्यासारखे आहे. आमची देणगी पावती पुस्तके ५० पानांची असतात, आणि २८ क्रमांकाच्या पुस्तकात १३५१ ते १४०० या पावत्या होत्या. वाचनालयाच्या लांब टेबलाशी बसून पेढीची आर्टिकल विद्यार्थिनी एकेक स्थळप्रत उलटत होती, बोटाने क्रमांक, मग रक्कम, मग रोकडवहीतील पान. १३७२ वर ती थांबली. स्थळप्रतीवर आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहिलेले होते, परंतु रद्द पावतीची मूळ प्रत मागे टाचलेली असायला हवी ती नव्हती. मुद्दा नोंदवला गेला, आमच्या हिशेबनिसांनी दुसऱ्याच दिवशी ‘पावती रद्द केली आहे’ असे उत्तर पाठवले, आणि तक्त्यात तो मिटलेल्यांत मोजला गेला. ऑगस्टच्या अखेरीस भागीदार मॅडम अंतिम तपासणी करीत असताना त्यांनी तो पुन्हा उघडला. उत्तर आले होते, पुरावा आला नव्हता. मूळ प्रत बाहेर असेल तर कोणी त्या पावतीवर पैसे घेतले नाहीत हे कशावरून, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. चार दिवस शोधाशोध झाली. शेवटी मांजलपूरच्या एका वृद्ध देणगीदार काकूंकडे ती पावती सापडली. नावातली चूक दुरुस्त करून त्यांना १३७९ क्रमांकाची नवी पावती दिली होती आणि जुनी परत घ्यायची राहून गेली होती. पैसे एकदाच आले होते, एकदाच जमा झाले होते.

या शोधामुळे आणि एका बँकेचे पुष्टीपत्र रेंगाळल्यामुळे ३१ ऑगस्टचे उद्दिष्ट हुकले आणि सही ५ सप्टेंबरला झाली. उद्दिष्ट गाठण्यासाठी भागीदारांनी कागदाशिवाय सही केली नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी विशेष आदर वाटतो. त्यांनी उशीर लपवलाही नाही. त्याच पानावर ‘ठरलेली तारीख ३१ ऑगस्ट, प्रत्यक्ष ५ सप्टेंबर’ असे लिहून दोन्ही कारणे नोंदवली, आणि पुढच्या वर्षीच्या पानावर ‘मिटला’ या शब्दाची व्याख्या बदलली: उत्तर मिळाल्याने मुद्दा मिटत नाही, आधाराचा कागद तपासनिसाने पाहून त्यावर आद्याक्षरे केल्यावर मिटतो.

२०२४-२५ च्या हिशेबांना या बदलाचा स्पष्ट लाभ झाला. चतुर्थी २७ ऑगस्टला असल्यामुळे उद्दिष्ट १४ ऑगस्टचे होते आणि सही १२ ऑगस्टला झाली. मसुदा विश्वस्तांकडे १ ऑगस्टला आला होता, तेव्हा प्रत्येकाला तो घरी नेऊन वाचता आला आणि सभेत सभागृहाच्या वीजबिलावर व घसाऱ्यावर खरोखर चर्चा झाली. अहवालावरचा यूडीआयएन, म्हणजे सनदी लेखापालाने सही केलेल्या कागदाचा १८ अक्षर-अंकी ओळख क्रमांक, मी सनदी लेखापालांच्या संस्थेच्या (आयसीएआय) संकेतस्थळावर पडताळून पाहिला. प्रत्येक खजिनदाराने तो पाहावा, दोन मिनिटांचे काम आहे.

काही उणिवाही आहेत. तक्ता इंग्रजीत आणि एक्सेलमध्येच येतो, त्यामुळे आमच्या सत्तरी ओलांडलेल्या विश्वस्तांसाठी मला त्याचे मराठी टिपण वेगळे करावे लागते. मराठी आणि गुजराती व्हाउचरे मात्र ते विनातक्रार वाचतात. सर्व मुद्द्यांना आतापर्यंत ५ दिवसांचीच मुदत होती, हे मला पटत नव्हते, कारण हरवलेले बिल शोधणे आणि विश्वस्त मंडळाचा ठराव मिळवणे या दोन गोष्टींना सारखा वेळ लागत नाही. दुसऱ्या वर्षी मध्येच आर्टिकल विद्यार्थी बदलला आणि आधी मिटलेले सहा मुद्दे आम्हाला पुन्हा विचारले गेले, याचा हिशेबनिसांना योग्यच राग आला. एका उद्दिष्टाला तर मी विरोधच केला. मुद्द्यांची एकूण संख्या दरवर्षी कमी व्हावी असे पेढीने सुचवले होते. परंतु प्रश्न कमी निघणे हे यश मानले तर प्रश्न न विचारण्याकडे तपासनिसाचा कल होईल, अशी मला भीती वाटली. भागीदारांनी ऐकून घेतले आणि ते कलम काढून टाकले. त्याऐवजी आता ‘मागील वर्षाचाच मुद्दा पुन्हा किती वेळा निघाला’ हे मोजले जाते, आणि ती मोजणी मला रास्त वाटते.

शुल्क ३५,००० रुपये अधिक जीएसटी, निम्मे नियुक्तीच्या वेळी आणि निम्मे अहवाल हाती आल्यावर. पूर्वी आम्ही २८,००० देत होतो. वाढलेली रक्कम मला जड वाटली नाही, पण वर्षाला जेमतेम चार-पाच लाखांची उलाढाल असलेल्या मंडळाला ती जड जाईल, आणि अशा मंडळाने आधी केवळ ते एक पान स्वतःच तयार करून आपल्या सध्याच्या लेखापरीक्षकांपुढे ठेवून पाहावे. कार्यालयाला लिफ्ट नाही आणि दांडिया बाजारात गाडी लावायला सकाळी दहानंतर जागा मिळत नाही, तेव्हा दफ्तराच्या पेट्या घेऊन जाणाऱ्यांनी नऊलाच पोहोचावे.

२०२५-२६ च्या नियुक्तीचे पत्र मार्चच्या पहिल्या आठवड्यात आले. त्यात बँकांच्या पत्रांची तारीख आणखी अलीकडे आणून १० एप्रिल केली आहे, आणि मी मागितल्याप्रमाणे ठरावाची गरज असलेल्या मुद्द्यांना १५ दिवस दिले आहेत. विद्यार्थी बदलल्यास जुन्या मुद्द्यांचे हस्तांतरण कोणी करायचे, हा रकाना मात्र अजून रिकामा आहे. तो भरून येईपर्यंत मी पत्रावर सही केलेली नाही.