गुडघ्याचा मेगाप्रोस्थेसिस : काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, गुडघ्याच्या अगदी खाली, ऑस्टिओसार्कोमा म्हणजे हाडाचा कॅन्सर निघाला. आधी केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो असा क्रम होता. ऑपरेशनमध्ये गाठीसकट हाडाचा वरचा भाग, बायोप्सीसाठी तुकडा काढताना सुई गेलेला मार्ग आणि भोवतीचा निरोगी मांसाचा थर एकसंध काढला आणि त्या जागी मेगाप्रोस्थेसिस, म्हणजे काढलेल्या हाडाची आणि सांध्याची जागा घेणारा मोठा धातूचा सांधा, बसवला. आता तो पाय रोजच्या वापरात आहे. ज्यांच्यापुढे हाच निर्णय आहे, त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते. धातूच्या सांध्याने मला अजून त्रास दिलेला नाही. माझे सगळे कष्ट गेले ते पाय सरळ करणारा स्नायू परत कामाला लावण्यात, आणि त्याची कल्पना आधीपासून असावी असं मला मनापासून वाटतं.

नेहमीचा गुडघेबदल इथे चालत नाही. हाड काढताना त्याला चिकटलेले अस्थिबंधही जातात, मग सांधा जागेवर धरून ठेवायला काहीच उरत नाही. म्हणून आत बिजागरी असते. जुन्या बिजागऱ्या फक्त वाकायच्या. चालताना पायाला बसणारा पीळ थेट सिमेंटवर जायचा आणि सांध्याचा हाडात बसवलेला धातूचा दांडा सैल व्हायचा. माझी बिजागरी वाकते आणि थोडी फिरतेही. दांडा हाडाच्या पोकळीत सिमेंटने पक्का केला आहे, त्यामुळे पायावर भार द्यायची परवानगी लवकर मिळाली, अर्थात ब्रेस (पाय सरळ धरणारा आधारपट्टा) लावून.

दुसरे पर्यायही समोर ठेवले होते. दात्याचं हाड बसवता येतं, पण ते जुळायला वेळ लागतो, मोडण्याचा धोका असतो, आणि केमो चालू असताना हाड जुळणं आणखी रेंगाळतं. स्वतःचंच हाड काढून, त्याला रेडिएशन देऊन किंवा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून पुन्हा बसवायची पद्धत आहे. त्यासाठी हाड फार पोखरलेलं नसावं लागतं. माझं होतं. पाय कापण्याबद्दल मी स्पष्ट विचारलं. गाठ स्वच्छ कडांनिशी पूर्ण निघत असेल तर पाय वाचवल्यामुळे जगण्याची शक्यता कमी होत नाही, हे उत्तर ऐकल्यावर निर्णय सोपा झाला.

आता मुख्य मुद्दा. गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन (स्नायूची ओढ हाडापर्यंत पोचवणारा चिवट दोर) नडगीच्या हाडाला जिथे चिकटतो, नेमकी तीच जागा गाठीबरोबर गेली. मांडीचा स्नायू कितीही ओढला तरी ती ओढ पोचवायला पलीकडे हाड नाही. सर्जनने टेंडन धातूला बांधला आणि पोटरीच्या आतल्या बाजूचा स्नायू वळवून पुढे आणला. तो दोन कामं करतो : टेंडनला जिवंत मांसाचा आधार देतो आणि धातू झाकतो. नडगीवर त्वचेखाली मांस जवळजवळ नसतंच, त्यामुळे या आवरणाशिवाय जखम उघडी पडून जंतू थेट धातूपर्यंत पोचू शकतात. वळवलेल्या स्नायूवर त्वचेचा पातळ तुकडा लावला आहे. दिसायला खडबडीत आहे, स्पर्शही नीट कळत नाही. पंजा खाली दाबला की पोटरीऐवजी नडगीच्या पुढच्या बाजूला स्नायू हलताना दिसतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचित्र वाटलं, आता मी त्याच्याकडे प्रेमाने बघते.

टेंडन धरेपर्यंत पाय ब्रेसमध्ये सरळ ठेवावा लागला. वाकवायची घाई केली की टेंडन ताणून सैल होतो आणि मग पाय शेवटपर्यंत सरळ होत नाही. माझ्या शेजारी व्यायामाला येणाऱ्या एकाची गाठ मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला होती. त्याचा टेंडन शाबूत, म्हणून त्याचा गुडघा माझ्या कितीतरी आधी वाकू लागला. एकाच सांध्याची वरची आणि खालची बाजू, पण वेळापत्रक वेगळं. दुसऱ्याच्या प्रगतीवरून आपली मोजू नका.

माझा रोजचा कस म्हणजे गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाच उचलणे. सुरुवातीला मांडी नुसती थरथरायची, टाच जागची हलायची नाही. मग ती उचलली जाऊ लागली, पण पाय शेवटच्या टप्प्यात अडकायचा. आजही शेवटचे काही अंश बाकी आहेत. हाताने पाय सरळ होतो, स्वतःच्या जोरावर पूर्ण होत नाही. सपाट रस्त्यावर ते जाणवत नाही. उतारावर आणि जिना उतरताना जाणवतं, तिथे मी कठडा धरतेच. चालताना मधूनच टक असा आवाज येतो, तो बिजागरीचा. दुखत नसेल तर चिंता नाही, असं तपासून सांगितलं आहे. गुडघा टेकून बसत नाही. धावणं, उड्या मारणं बंद, कारण झीज आणि सैल होणं त्यानेच वाढतं.

सगळ्यात जास्त धास्ती जंतुसंसर्गाची. ऑपरेशननंतर पुन्हा केमो सुरू झाली, पांढऱ्या पेशी घसरल्या, त्या काळात रोज उजेडात पाय निरखायचे : लाली, ऊब, ओल. अँटिबायोटिक जास्त दिवस दिलं तर बरं, असं मलाही वाटायचं. पण अशाच रुग्णांवर झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले : ऑपरेशननंतर एक दिवसाऐवजी पाच दिवस देऊन संसर्ग कमी झाला नाही, औषधाचे दुष्परिणाम मात्र वाढले. जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला तर उरलेल्या गोळ्या घरी घेऊ नका, सर्जनला गाठा. संसर्ग धातूवर बसला तर अख्खा सांधा काढायची वेळ येऊ शकते.

हा सांधा आयुष्यभर पुरेल असं मला कोणी सांगितलं नाही, आणि मी तशी अपेक्षाही धरलेली नाही. बिजागरीतली प्लास्टिकची अस्तरं झिजतात, ती बदलता येतात. दांडा सैल झाला तर मोठं ऑपरेशन. म्हणून पायाचा एक्स-रे ठरल्या वेळी काढते, आणि छातीची तपासणीही चुकवत नाही, कारण हा आजार परततो तेव्हा बहुधा फुप्फुसात.

वाढत्या वयाच्या मुलांसाठी माझा अनुभव पुरेसा नाही. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याजवळच्या टोकाकडून होते, त्यामुळे तिथे लांबी वाढवता येणारा सांधा किंवा घोट्याला गुडघ्याचं काम देणारी रोटेशनप्लास्टी यांचाही विचार होतो. त्या पालकांनी तशाच मुलांच्या घरच्यांशी बोलावं.

नडगीच्या बाजूची गाठ असेल तर ऑपरेशनआधी सर्जनला एवढं नक्की विचारा : टेंडन कशाला आणि कसा जोडणार, पोटरीचा स्नायू वळवणार का, ब्रेस किती आठवडे, पंजा वर उचलणारी नस (मज्जातंतू) गाठीपासून किती लांब आहे. आणि फिजिओथेरपिस्टला ऑपरेशनच्या आधीच भेटा. मांडी आवळायचा व्यायाम केमो चालू असतानाच, अंगात ताकद असेल त्या दिवशी, शिकून घ्या.