सेरिलॉगची फाइल सिंक: चांगली, पण मूळ सेटिंगवर सोडू नका

नवी मुंबईतल्या महाप्याच्या कारखान्यांसाठी वजनकाटा, बारकोड, बिलिंग अशा डॉटनेट सेवा विंडोज सर्व्हरवर बसवणाऱ्यांना सेरिलॉग ही लॉग (ॲपमधल्या घडामोडींच्या नोंदी) लिहिणारी लायब्ररी बिनधास्त सुचवावी. लॉगची सगळी मांडणी कोडमध्येच चार-पाच ओळींत होते, वाचायलाही सोपी.

मात्र तिच्या फाइल सिंकचे, म्हणजे नोंदी फाइलमध्ये लिहिणाऱ्या भागाचे, दोन मूळ आकडे नीट समजून घ्या. फाइलची कमाल मर्यादा १ जीबी आहे. ती भरली की लिहिणं गुपचूप थांबतं. ॲप चालू राहतं, कुठे एररही दिसत नाही, आणि नेमक्या बिघाडाच्या वेळी लॉग कोरा. म्हणून ‘रोलऑनफाइलसाइझलिमिट’ (मर्यादा भरली की नवी फाइल) ट्रू करा, रोलिंग इंटरव्हल ‘डे’ (रोज नवी फाइल) ठेवा आणि मर्यादा ५० एमबीपर्यंत उतरवा, म्हणजे फाइल नोटपॅडमध्येही उघडते. दुसरा आकडा ३१: इतक्याच फाइली ठेवल्या जातात, जुन्या पुसल्या जातात. हे दिवस नव्हेत, फाइली! आकारानुसार फाइल बदलू लागली की गर्दीच्या दिवशी दहा-बारा फाइली सहज होतात आणि महिन्याऐवजी तीनच दिवसांचा इतिहास हाती उरतो. दिवसांतच हिशोब हवा तर ‘रिटेन्डफाइलटाइमलिमिट’ (फाइली किती काळ ठेवायच्या) द्या आणि फाइलींची संख्या नल (म्हणजे मर्यादा नाही) करा.

पाथ पूर्ण लिहा. विंडोज सर्व्हिसची चालू डिरेक्टरी सिस्टम३२ असते, त्यामुळे नुसतं ‘लॉग्ज’ लिहिलं की ॲपच्या फोल्डरमध्ये काहीच सापडत नाही.

एकाच फाइलवर दोन प्रोसेस लिहिणार असतील तर ‘शेअर्ड’ चालतं, पण मग बफरिंग (ओळी मेमरीत साठवून एकदम लिहिणं) मिळत नाही. बफरिंग वापरत असाल तर ॲप बंद होताना साठलेल्या ओळी फाइलमध्ये उतरवणारं ‘क्लोजअँडफ्लश’ हवंच. नाहीतर शेवटच्या, सर्वांत मोलाच्या ओळी जातात.